सगळ्या घराचं गाणं

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. खरं उत्तर द्यायचं हं! तुमच्या घरात असं एखादं गाणं आहे का, जे लागलं की तुम्हीही थांबता आणि आईबाबाही हातातलं काम सोडून ऐकतात?

आठवा बरं. बहुतेक घरांत काय होतं? तुमचं गाणं लागलं की बाबा म्हणतात, ''बंद करा रे तो गोंगाट!'' बाबांचं गाणं लागलं की तुमची तोंडं वाकडी. मुलांची गाणी वेगळी, मोठ्यांची वेगळी. मधे शेताला असतो तसा बांध!

हा बांध ओलांडणाऱ्या एका माणसाची गोष्ट ऐका. त्याचं नाव डॅन झेन्स. हा अमेरिकेतला गायक. 1980 नंतरच्या दशकात बॉस्टन शहरातल्या 'डेल फ्युगोज' नावाच्या रॉक बँडमध्ये तो गायचा. रॉक म्हणजे विजेवरची गिटार, दणदणीत ड्रम आणि टिपेचा आवाज. पुढे त्याला मुलगी झाली. आपण आणि आपली लेक, दोघांनी मिळून ऐकावं असं संगीत त्याला हवं होतं. मग त्यानं स्वतःच ते करायला घेतलं. मित्र जमवले, जुनी लोकगीतं शोधली, साधी वाद्यं घेतली. 2000 साली त्याचा मुलांसाठीचा 'रॉकेट शिप बीच' हा अल्बम निघाला. 2007 साली 'कॅच दॅट ट्रेन' या अल्बमला मुलांच्या संगीताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गंमत अशी, की ही गाणी मुलांच्या आईबापांनीही आवडीनं ऐकली.

तुम्ही म्हणाल, बाई, हे लांबचं झालं. आपल्याकडे असं कुणी आहे का?

आहे तर! 'नाच रे मोरा' ठाऊक नाही असं मराठी घर सापडायचं नाही. 1953 सालच्या 'देवबाप्पा' या चित्रपटातलं ते गाणं. लिहिलं ग. दि. माडगूळकरांनी, गायलं आशा भोसले यांनी. आणि चाल कुणाची? पु. ल. देशपांडे यांची! सगळ्या महाराष्ट्राला हसवणारे तेच पु. ल. ही सगळी मोठ्यांसाठी काम करणारी मोठी माणसं. पण मुलांचं गाणं आहे, कसंही चालेल, असं त्यांनी म्हटलं नाही. म्हणून तर तुमची आजी अजून ते गुणगुणते.

अलीकडचं उदाहरण हवंय? सलील कुलकर्णी आणि संदीप खरे. सलील कुलकर्णी शिकले डॉक्टरकी आणि झाले संगीतकार. संदीप खरे कवी. 2003 पासून 'आयुष्यावर बोलू काही' या त्यांच्या कार्यक्रमानं मोठ्या माणसांची सभागृहं भरू लागली. या दोघांनी मुलांसाठी 'अग्गोबाई ढग्गोबाई' केलं. त्यांचा बाज रॉकचा नव्हे, आपल्या भावगीताचा. पण मोठ्यांच्या मैफलीतून मुलांच्या अंगणात उतरायचं, ही वाट तीच.

आता खरा प्रश्न. मुलांचं गाणं मोठ्यांना का आवडावं?

आमच्या बीड जिल्ह्याच्या उत्तरेच्या कडेनं गोदावरी वाहते. तिच्या पलीकडच्या काठावर पैठण. तिथल्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकात हे कोडं सोडवून ठेवलंय. त्यांचं विंचवाचं भारूड कुणी सादर केलं, की पोरं हसून हसून लोळतात, कारण समोरचा माणूस विंचू चावल्यासारखा उड्या मारतो. पण मागं बसलेले आजोबा मान डोलावतात. त्यांना कळतं, हा विंचू म्हणजे मनातला काम आणि क्रोध. गाणं एकच, पण त्याला माडी आहे. लहानांनी खाली खेळावं, मोठ्यांनी वर जाऊन बसावं.

ढगाच्या गाण्याचंही तसंच. वर्गात आम्ही ते म्हणतो तेव्हा पोरं पोट धरून हसतात. पण आमच्याकडे पाऊस कधी दगा देईल याचा नेम नाही. दारात थांबलेले एखादे पालकही हसतात, आणि हसता हसता एकदा आभाळाकडे बघून घेतात.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते.

आमच्या शाळेतली कितीतरी मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या आगेमागे त्यांचे आईवडील टोळीबरोबर साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'एक कोयता' म्हणतात. पाच-सहा महिने राहायचं कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या झोपडीत. काही मुलं सोबत जातात, काही आजीपाशी राहतात, काही गावातल्या हंगामी वसतिगृहात.

खरे-कुलकर्णी यांचंच आणखी एक गाणं आहे, 'दूरदेशी गेला बाबा'. त्यातला बाबा परमुलखात, आई कामावर आणि पेंगुळलेलं मूल घरात एकटं. हे गाणं मी वर्गात कधीच घेतलं नाही. म्हटलं, नको. ही पोरं रडतील.

एके दिवशी तिसरीतल्या मुलीनं ते कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला विचारते, ''बाई, हे गानं आमच्यावर लिव्हलंय का?''

मी म्हटलं, ''नाही गं, तुझ्यासारख्याच कुणावर तरी लिहिलंय.''

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ''मंजी आमच्यासारखी अजून हायेत.''

ती रडली नाही, मुलांनो. उलट तिला सोबत मिळाली. मी मात्र तिला वाचवायला निघाले होते, तेही गाणं दडवून!

त्या संध्याकाळी वसतिगृहातली मुलं माझ्या मोबाइलवरून घरच्यांशी बोलत होती. या पोरीनं आईला ना 'जेवलीस का' विचारलं, ना 'कधी येणार'. थेट गाणंच सुरू केलं. चाल थोडी चुकली, शब्दही गाळले. गाणं संपलं तरी पलीकडून आवाज नाही. माझ्या पोटात गोळा आला. दिवसभर उसाच्या मोळ्या वाहून दमलेली ती बाई, तिला हे कशाला ऐकवलं?

मग आवाज आला, ''पुन्यांदा म्हण.''

तिनं पुन्हा म्हटलं. आई म्हणाली, ''शेजारच्या कोपीतल्या बायाबी ऐकायल्यात. आता ते ढगाचं म्हण, हसायचं.'' लेकीनं ढगाचं गाणं सुरू केलं, आणि त्या एवढ्याशा फोनमधून आठ-दहा बायकांचं हसू आमच्या वसतिगृहात आलं.

मला तेव्हा उमगलं. मुलांचं गाणं म्हणजे नुसता खाऊ नव्हे. चांगलं असेल तर लेकराला आणि आईला ते एकाच वेळी धरता येतं, दोरीची दोन टोकं धरावीत तसं. मधे दोनशे किलोमीटर असले तरी! नुसतं गोडगोड, कसंबसं जुळवलेलं गाणं एवढा ताण सोसत नाही, मधेच तुटतं. म्हणून मुलांसाठी गाणं करणाऱ्यानं आपलं सगळं कसब पणाला लावायला हवं.

आता तुमचं काम. या रविवारी वहीच्या एका पानावर तुमच्या आवडीच्या पाच गाण्यांची नावं लिहा. एकेक गाणं घरात मोठ्यानं म्हणा आणि गुपचूप लक्ष ठेवा. कोणत्या गाण्याला आईनं सूर मिळवला? कुठे बाबांनी बोटानं ठेका धरला? कोणत्या ओळीला आजी गप्प झाली? त्या गाण्यापुढे खूण करा. आईबाबा गावाला असतील तर फोनवर म्हणा. आणि मग त्यांनाही सांगा, ''आता तुमच्या लहानपणीचं एक म्हणा.''

खूण केलेली गाणी मला पत्रानं कळवा. मीही माझी यादी करतेय. माझ्या यादीत पहिल्या नंबरावर कोणतं गाणं आहे, ते आता सांगायला नकोच, नाही का?

तुमच्या,
बाई