आधी डबा, मग डोळे

आपल्या कॉलेजात मांगा वाचणारे पुष्कळ आहेत, काढू पाहणारेही सात-आठ जण सहज निघतील. त्यांच्या वह्या मी हौसेने बघते. बहुतेक पानांवर एकच चेहरा असतो: किंचित वळलेला, मोठाले डोळे, कपाळावर केसांची टोकं. हात मात्र खिशात, नाहीतर पाठीमागे. तोच मुलगा बाकावर बसलेला काढ म्हटलं की गाडी अडते.

माझं मत विचाराल तर रोजचा पहिला अर्धा तास मांगा मिटून ठेवावा आणि समोरची माणसं काढावीत. "मला शैली हवीय, ड्रॉइंगची परीक्षा नाही द्यायची," असं मित्र म्हणतात. अरे, पण मांगाची शैली म्हणजे बरंचसं गाळणंच ना? नाक एका रेघेत उरकतं, कारण काढणाऱ्याला अख्खं नाक ठाऊक असतं. हे मोठे डोळे रुळवण्यात ओसामू तेझुका यांचा मोठा वाटा. ते लहानपणी कीटकांची बारीकसारीक तपशिलांसह चित्रं काढत. पुढे वैद्यकीचं शिक्षणही घेतलं. आणि होकुसाईच्या 'मांगा'चा पहिला खंड 1814 चा. त्यात गोष्ट नाहीच. माणसं, मासे, झाडं, अवजारं यांचे नुसते नमुने, शिकणाऱ्यांनी गिरवावेत म्हणून.

गिरवायला आपल्याकडे पणजीचं बसस्टँड आहे. कदंबची बस म्हणजे चाकांवरचा डबा. तिच्या कडा लांब जाताना कशा जवळ येतात ते बघा. सपाट जागी आपण उभे असलो, तर आपल्याच उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे, जवळची असोत की लांबची, एकाच आडव्या रेषेवर येतात. ती क्षितिजरेषा. हे एकदा कळलं की गर्दीची चौकट काढायची भीतीच जाते. माणूसही तसाच: छाती एक डबा, कंबर दुसरा, हातपाय नळकांडी. दोन डबे वेगवेगळ्या दिशांना वळवले की आकृती हलायला लागते. बस सुटेपर्यंत जेवढं जमेल तेवढं काढायचं, तेही बॉलपेनने. खोडायची सोयच नको. टॅब्लेट घेतल्यावर शिकेन म्हणणारे बहुधा टॅब्लेटच घेतात.

पुढच्या अंकासाठी मंडळाने चित्रकथा मागवल्या, तर संपादकांनी एक अट जरूर घालावी: निदान एका चौकटीत नायकाचे दोन्ही हात दिसलेच पाहिजेत, पाचही बोटांसकट.