नक्कल की तालीम?

फ्रँकनमथ हे अमेरिकेतील मिशिगन राज्यातले जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव. माजलगाव त्यापुढे मोठे शहरच ठरावे. या गावातील जॉश, जेक व सॅम किस्का या तीन भावांनी 2012 साली ‘ग्रेटा व्हॅन फ्लीट’ या नावाने रॉक संगीताचा बँड उभा केला आणि 2019 मध्ये त्यांच्या ‘फ्रॉम द फायर्स’ या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ‘लेड झेपेलिन’च्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकलेल्या जुन्या रसिकांना आपले तारुण्य परत आल्याचा भास झाला. समीक्षकांना मात्र हा प्रकार रुचला नाही. ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक प्रकाशनाने 2018 मध्ये त्यांच्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेस दहापैकी अवघे 1.6 गुण दिले. आरोप एकच : ही निव्वळ नक्कल आहे.

हा आरोप तपासून पाहण्यासारखा आहे. कारण ज्या लेड झेपेलिनच्या नकलेचा हा गुन्हा, त्या मंडळींनी तरी आपले भांडवल कोठून आणले होते? अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायकांच्या चिजांवर त्यांनी आपली इमारत उभारली. ‘होल लॉटा लव्ह’ या त्यांच्या गाजलेल्या गीताबद्दल विली डिक्सन या ब्लूज रचनाकाराने 1985 मध्ये न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे तडजोड झाली आणि त्याचे नाव त्या गीताला जोडावे लागले. याच मंडळींपैकी जिमी पेज व रॉबर्ट प्लांट हे दोघे 1972 मध्ये मुंबईत आले व येथील वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गीते ध्वनिमुद्रित केली. उसने घेणे हा दोष नव्हे. ऋण नाकारणे हा दोष होय.

मराठी रसिकाला हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. कुमार गंधर्व बालवयात मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत आणि श्रोते तोंडात बोट घालीत. तो मुलगा तेवढ्यावरच थांबता तर आज त्याचे नावही कोणास ठाऊक नसते. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांसारखा गुरू लाभला, पुढे क्षयाच्या आजाराने सक्तीचे मौन आले, देवासच्या वास्तव्यात माळव्याची लोकगीते कानी पडली. आणि मग जे गाणे प्रकटले ते कोणाचीच नक्कल नव्हते. गंमत अशी की, लहानपणीच्या नकलेला टाळ्या देणाऱ्या परंपरेनेच या स्वतंत्र गाण्यावर नाके मुरडली.

नव्या बँडांच्या बाबतीत खरा धोका येथेच आहे. जुना रसिक त्यांना जवळ करतो तो ते आठवणी चाळवतात म्हणून. ‘अगदी तस्साच आवाज!’ ही त्याची दाद गोड असते, पण तीच पायांतली बेडी होऊ शकते. ज्या दिवशी हे तरुण वेगळे काही वाजवतील त्या दिवशी हाच रसिक सभागृह सोडून गेला, तर त्याच्या प्रेमास प्रेम कसे म्हणावे?

भारतातही ही परंपरा नवी नाही. मुंबईत 1984 मध्ये ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. 1986 पासून रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाने कित्येक होतकरू वादकांना व्यासपीठ दिले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन मूक झाले. 2009 मध्ये गंगटोकसारख्या डोंगरी गावातून ‘गिरीश अँड द क्रॉनिकल्स’ हा बँड पुढे आला. गायक गिरीश प्रधान यांचा चढा, धारदार स्वर ऐकून ऐंशीच्या दशकातील हार्ड रॉकचे चाहते खूष होतात. मुंबई-पुण्यावाचून असे काही घडत नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही.

माजलगावात ‘बँड’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती लग्नाची वरात. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, साइड ड्रम घेऊन उन्हातान्हात चालणारे ते वादक कोणत्याही विद्यालयात न जाता पिढ्यान्‌पिढ्या ऐकून, नक्कल करूनच शिकत आले. मराठवाड्यातील वरातींत आज डीजेच्या भिंतींनी त्यांची जागा घेतली आहे. तेथे वाजवायला कोणी लागत नाही. कळ दाबली की झाले. नेमक्या याच काळात महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी मोबाइलवर झेपेलिन आणि ग्रेटा व्हॅन फ्लीट एकापाठोपाठ ऐकतो, आणि त्याला भावते ते माणसाच्या हाताने वाजलेले वाद्य. त्याने गिटार घ्यायचे ठरवले तर शिकवणार कोण? ऐकवायचे कोठे? वार्षिक स्नेहसंमेलनात तयार ‘ट्रॅक’वर नाच बसवले जातात आणि बक्षिसेही त्यांनाच मिळतात.

यासाठी रंगभवन बांधण्याची आवश्यकता नाही. स्नेहसंमेलनातील एक तास केवळ प्रत्यक्ष वादनासाठी राखून ठेवणे कोणत्याही प्राचार्यांना जमण्यासारखे आहे. त्यासाठी गावातल्याच बँडमधील एखाद्या जाणत्या वादकाला मानधन देऊन महिनाभर मुलांना ताल शिकवायला बोलावता येईल. पहिल्या वर्षी मुले ऐकलेलेच वाजवतील, आणि बेसूरही वाजवतील. पुढील वर्षी तो तास रद्द करण्यासाठी हे कारण पुढे केले जाऊ नये.