किती मेगापिक्सेल?

बिबवेवाडीत आमच्या इमारतीखाली एका काकांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत त्यांच्याबरोबर लाइट धरण्याचे काम मी गेली दोन वर्षे करतो. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी धरून चालतो.

गेल्या वर्षी मार्केट यार्डातील एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचे काम द्यायला आले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे हो?" काकांचे आल्बम समोर पडलेले होते, ते त्यांनी उघडलेही नाहीत. "चोवीस" हे उत्तर ऐकून त्यांचा चेहरा उतरला आणि काम दुसरीकडे गेले. काकांनी महिन्याभरात कर्ज काढून पंचेचाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला.

माझ्या मते ती चूक होती, आणि तिच्यात त्या गृहस्थांचा वाटा काकांपेक्षा मोठा होता.

हिशेब पाहा. असा एक फोटो न दाबता, कच्च्या स्वरूपात ठेवला तर सुमारे ९० एमबी जागा खातो. चोवीसचा ५० एमबीच्या आत राहतो. हळदीपासून वरातीपर्यंत तीन हजार फोटो सहज होतात. म्हणजे २७० जीबी, आणि दुसरी प्रत ठेवायची म्हणजे त्याच्या दुप्पट. दाबून साठवण्याची सोय असते, पण मोठा तो मोठाच राहतो. स्टुडिओतला संगणक जुना. एकेक फोटो उघडेपर्यंत काकांचा चहा निवतो. पूर्वी दोन रात्रींत होणारी निवड आता चार रात्री चालते, आणि त्या जादा रात्रींचे पैसे कोणी देत नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो. मंगलाष्टके संपली, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या. काकांनी बोट दाबून धरले आणि कॅमेरा मध्येच थांबला! कार्डे जुनी, फोटो जड. घेतलेले फोटो कार्डावर उतरवत तो बसून राहिला. नवरीने मान वर करून पाहिले ते आम्ही दोघांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिले. भटजी काही पुन्हा अंतरपाट धरणार नव्हते.

बरे, एवढी बारकाई जाते कुठे? बारा बाय अठरा इंची पान इंचाला तीनशे टिंबांनी छापले तरी एक कोटी चौऱ्याण्णव लाख टिंबे लागतात, म्हणजे वीस मेगापिक्सेलही नाहीत. फोर-के दूरदर्शन संचाला त्र्याऐंशी लाख पुरतात. आणि बहुतेक नातेवाईक फोटो पाहतात व्हॉट्सॲपवर, तिथे तो जाता जाताच लहान होतो. त्यातून कार्यालयातल्या मंद उजेडात शटर हळू ठेवावे लागते. हात किंचित हलला की विकत घेतलेली जादा बारकाई पुसली जाते. उरते ती नवरीच्या मेकअपमधली प्रत्येक भेग, जी रात्री बसून काकांनाच झाकावी लागते.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असे नाही. निकॉनने २०२० साली बातमीच्या आणि खेळांच्या फोटोग्राफरांसाठी आणलेला 'डी सिक्स' जेमतेम एकवीस मेगापिक्सेलचा आहे. कॅननने पन्नासचा 'फाइव्ह डीएस' २०१५ सालीच विकला होता. तरी २०२४ सालचा तिचा सर्वांत वरचा 'आर वन' चोवीसचाच आहे. घाईच्या कामाला हलका फोटो बरा, हेच त्यामागचे कारण असावे.

जुन्या पोथ्यांची वा चित्रांची नक्कल घेणाऱ्याला, किंवा दूरच्या पक्ष्याचा तुकडा कापून मोठा करणाऱ्याला हे जादा पिक्सेल खरोखर लागतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. गंगाधाम चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला मात्र ते लागत नाहीत. तो रस्त्यापलीकडूनच पाहायचा असतो (आणि खरे तर पाहायचाही नसतो).

काका हल्ली मुहूर्ताला जुनाच कॅमेरा गळ्यात घालतात. मोठा पिशवीत असतो, शेवटी सगळे घराणे पायऱ्यांवर उभे राहिले की बाहेर निघतो. हप्ते अजून चौदा बाकी आहेत.