त्यांनी छापखाना नदीत का फेकला?



गेल्या काही बैठकांत एक मुद्दा पुन्हा पुन्हा निघतोय. आपल्या पाड्यांवर वाचणारे किती? मग स्टेन्सिल, शाई, कागद यांवर पैसा कशाला घालायचा? तोच पैसा कोर्टाच्या तारखांना, एसटीच्या भाड्याला वापरावा. मुद्दा प्रामाणिक आहे, पण आम्हाला पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला अमेरिकेतल्या गुलामांच्या लढ्याचं उदाहरण घेतो. हा लढा आपल्याला अगदी परका नाही. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं होतं.

तिथं दक्षिणेकडच्या राज्यांत कापूस, तंबाखू, ऊस यांच्या मळ्यांवर काळ्या माणसांना गुराढोरांसारखं विकत आणि विकत घेत. १८६० च्या जनगणनेत असे गुलाम जवळपास ४० लाख होते. अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा कायद्यानं गुन्हा होता. म्हणजे वाचणारे किती, ही अडचण त्यांना आपल्याहून मोठी होती. तरी पत्रं निघाली.

१८२७ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल कॉर्निश आणि जॉन रसवर्म या दोघा काळ्या माणसांनी 'फ्रीडम्स जर्नल' काढलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आजवर दुसरेच आमच्या वतीनं बोलत आले, आता आमची बाजू आम्हीच मांडू. ते पत्र दोन वर्षंच चाललं, पण वाट पाडून गेलं.

१८३१ साली बोस्टनमध्ये विल्यम गॅरिसननं 'लिबरेटर' सुरू केलं. गॅरिसन गोरा होता, पण सुरुवातीचे बहुतेक वर्गणीदार काळे होते. फिलाडेल्फियात जहाजांची शिडं शिवायचा कारखाना चालवणाऱ्या जेम्स फोर्टन या काळ्या माणसानं पैसे पाठवले, वर्गणीदार गोळा केले. खप तीन हजारांच्या आसपासच राहिला. पण ३५ वर्षं दर आठवड्याला अंक निघाला.

आता बघा, एवढ्याशा पत्रांना मालक लोक किती घाबरले! जॉर्जिया राज्यानं गॅरिसनला पकडून आणणाऱ्याला ५,००० डॉलरचं बक्षीस लावलं. १८३५ मध्ये चार्ल्सटनला जमावानं पोस्ट फोडून गुलामीविरोधी टपालाची होळी केली. इलिनॉयमधल्या आल्टन गावी एलिजा लव्हजॉय हा संपादक होता. त्याचं छपाईचं यंत्र तीनदा मोडलं. त्यानं चौथं आणलं. ७ नोव्हेंबर १८३७ च्या रात्री ते वाचवताना त्याला गोळी घालून मारलं आणि यंत्र मोडून मिसिसिपी नदीत फेकलं.

वाचणारे थोडेच, तर मग मालकांना भीती कसली? भीती ही, की एक प्रत एकाजवळ राहत नाही. ती सभेत मोठ्यानं वाचली जाते, हातोहात जाते. दक्षिणेतली पत्रं शिव्या द्यायला म्हणून 'लिबरेटर'चा मजकूर छापायची आणि तो तिथंही पोचायचा.

दुसरी भीती पुराव्याची. १८३९ साली थिओडोर वेल्ड, अँजेलिना आणि सारा ग्रिमके यांनी दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांच्या हजारो प्रती चाळल्या. पळालेला गुलाम ओळखू यावा म्हणून मालकच जाहिरात द्यायचे, पाठीवर चाबकाचे वळ, अंगावर डाग, गळ्यात लोखंडी कडं. याच जाहिराती त्यांनी पुस्तकात छापल्या. जुलूम होतो याची साक्ष मालकांच्याच हातची निघाली!

आपल्याजवळ असले कागद नाहीत का? फॉरेस्टवाल्यांनी 'अतिक्रमण' म्हणून फाडलेली दंडाची पावती घ्या. तिच्यावर तारीख आहे, नाव आहे. त्या साली ही जमीन आपण कसत होतो, हे त्यांनीच लिहून दिलंय. पण कुणाची पावती पावसात भिजली, कुणाची उंदरानं खाल्ली. पत्रकात छापली तर तिची नोंद पन्नास घरांत राहते.

आणखी एक गोष्ट. फ्रेडरिक डग्लस गुलामीत जन्मला, १८३८ साली पळून सुटला. पुढं त्यानं स्वतःचं पत्र काढायचं ठरवलं तेव्हा गॅरिसनसारखे मित्रच म्हणाले, तू भाषणं कर, पत्राची काय गरज? त्यानं ऐकलं नाही. १८४७ मध्ये रॉचेस्टरला 'नॉर्थ स्टार', म्हणजे ध्रुवतारा, निघालं. पळणारे गुलाम रात्री याच ताऱ्यावरून उत्तरेची वाट धरायचे. मित्र कितीही चांगला असो, आपलं दुखणं आपण लिहावं लागतं. आपल्या पत्रकातही शहरातल्या मित्रांचे लेख जास्त आणि पाड्यावरचे कमी, हे बदलायला पाहिजे.

नुसत्या पत्रांनी गुलामी गेली असं कुणी म्हणणार नाही. गुलाम पळाले, उठले, चार वर्षं युद्ध झालं. १८६५ च्या शेवटी गुलामी घटनेनं बंद झाली आणि काम झालं म्हणून गॅरिसननं 'लिबरेटर' थांबवलं. पण त्याच वर्षी, दक्षिणेच्या किनाऱ्यावर सुटलेल्या गुलामांना कसायला दिलेली जमीन राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं जुन्या मालकांना परत द्यायला लावली. माणूस सुटला, जमीन नाही सुटली. म्हणून आम्ही म्हणतो, सातबारा हातात येईपर्यंत आपलं पत्रक थांबता कामा नये.

त्यासाठी तीन कामं करू. दर पाड्यावर एक शिकलेला पोरगा किंवा पोरगी बैठकीत अंक मोठ्यानं वाचेल. ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं दुसरा कुणी त्याच्याच बोलीत लिहून घेईल. आणि पावती, नोटीस, पंचनामा, जो कागद घरात असेल त्याची नक्कल पत्रकाकडं येईल. वर्गणी नाही जमली तर मूठभर तांदूळ द्या, पण अंक निघू द्या.