आकृती पास, जावा नापास

प्रोग्राम लिहिण्याआधी त्याचा आराखडा चौकोन आणि बाणांनी काढतात. या चिन्हांच्या भाषेला यूएमएल म्हणतात. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इवार जेकबसन यांनी आपापल्या पद्धती एकत्र करून ती घडवली. 1997 मध्ये ओएमजी या संस्थेने तिला प्रमाण मानले. ती कोणा एका प्रोग्रामिंग भाषेची नाही, हे तिचे मोठेपण. शिकवताना घोटाळा होतो तोही इथेच.

आमच्या चोपड्यात उर्दू माध्यमातून शिकून बीसीएला गेलेली एक मुलगी वही घेऊन आली. "सर, आकृतीला पूर्ण मार्क, पण जावात प्रोग्राम चालतच नाही." आकृतीत 'क्रीडाशिक्षक' हा क्लास 'शिक्षक' आणि 'खेळाडू' या दोन्ही क्लासचा वारस होता. यूएमएलला हे चालते. सी प्लस प्लस, पायथनलाही चालते. जावात मात्र क्लासला एकच पालक-क्लास. 'खेळाडू'ला इंटरफेस करावे लागते आणि त्याच्याकडे जाणारा बाण तुटक रेषेने काढावा लागतो.

मला नवल वाटले नाही. अरबी-फारसी लिपी उर्दूसाठी घेतली, तेव्हा ट, ड, ड़ हे आवाज लिहायला जुन्याच अक्षरांवर छोटी 'तोय' बसवली. काढले मात्र काही नाही. ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय यांचा उच्चार आपल्या तोंडी एकच, तरी चौघे आपापल्या जागी आहेत. (इमल्याला बसलेल्या मुलांना विचारा!) यूएमएलमध्ये याच कामाला 'प्रोफाइल' आहे. मूळ चिन्हावर « » मध्ये खूण चढवता येते, नियम कडक करता येतो. मूळ अर्थ मोडता येत नाही. 'क्लासला पालक एकच' हा नियम जावाच्या प्रोफाइलमध्ये घातला, की चूक आकृतीतच पकडता येते.

खूण नसली तर काय होते, ते मराठीत पाहा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा. उच्चार दोन, अक्षर एकच. मराठी घरातले मूल सहज वाचते, उर्दू शाळेतले माझे मूल अडखळते.

पहिल्या विचाराची आकृती भाषेपासून मोकळी असावी, हे मान्य. ओएमजीनेच 2001 मध्ये मोकळा आराखडा आणि ठरावीक प्लॅटफॉर्मचा आराखडा असे दोन टप्पे मांडले. त्या मुलीच्या वहीत पहिला होता, प्रॅक्टिकलला दुसरा हवा होता, आणि मधली पायरी तिला कोणी दाखवलीच नव्हती. आकृतीच्या प्रश्नात 'जावासाठी' एवढा एक शब्द घालायला काय हरकत आहे? मार्कही मग त्यावरच द्यावेत.