नाताळचं झाड आपल्या बांधावरच सजतं



आज फवारणी नाही, खतही नाही. आमच्या भागात ख्रिस्ती कुटुंबं बरीच, आमचंही त्यातलंच. डिसेंबर लागला की पोरांचा लकडा सुरू होतो, झाड आणा, चमकी आणा, माळा आणा. माझं मत स्पष्ट आहे. शेतकऱ्याच्या घरात नाताळच्या झाडावर विकतची चमकी लावू नये. पैशाचा भाग सोडा, मला काळजी उकिरड्याची आहे.

त्या चकाकणाऱ्या झिरमिळ्या म्हणजे पातळ प्लास्टिक नि वर ॲल्युमिनियमचा मुलामा. सण झाला की जातात कुठं? झाडून उकिरड्यावर. तिथं कुजत नाहीत, शेणखताच्या ट्रॉलीतून रानात येतात, नि कांदा निंदताना हाताला लागतात. जनावरानं खाल्लं तर ते कोटीपोटात साचत जातं, गाय रवंथ सोडते, नि मग डॉक्टरला पोट उघडून काढावं लागतं. थर्माकोलच्या सजावटीवर आपल्या राज्यात २०१८ लाच बंदी आली. युरोपातल्या देशांनी सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री २०२३ मध्ये बंद केली. आपल्या बाजारात अजून पुडीनं मिळते.

आता झाड. सुरूची फांदी बरेच जण लावतात, पण आमच्याकडं सुरू जवळ नाही. आम्ही पऱ्हाटी लावतो. वेचणी संपलेल्या कपाशीचं एखादं उभार झाड बघा, खाली लांब फांद्या, वर आखूड, शेंडा निमुळता. मुळासकट उपटायचं, पानं झाडायची, चुन्यात थोडी खळ घालून रंगवायचं, नि बादलीत माती भरून रोवायचं. फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कपाशी काढा असं कृषी खातं दरवर्षी सांगतंच. त्या निमित्तानं एक झाड तरी वेळेत निघतं!

सजावटीला मक्याच्या कणसाची पांढरी सालं सगळ्यात चांगली. दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवली की कापडासारखी वळतात. मधोमध दुमडायचं, आत कापसाचा बोळा ठेवून खाली दोरा आवळला की डोकं झालं, दोन सालं आडवी बांधली की पंख. झाला देवदूत. रंग हवा तर कांद्याची टरफलं उकळा, तांबूस नारिंगी उतरतो. हळदीच्या पाण्यात बुडवलं तर पिवळा, नि त्या पिवळ्यावर चुन्याच्या निवळीचं बोट फिरवलं की तिथं लाल. ही गंमत पोरांना दाखवाच, शाळेतलं रसायनशास्त्र एका वाटीत होतं. रंग उन्हात उडतो, पण झाड घरात असतं. ज्वारीच्या जुन्या ताटाचा भेंड काढून आपण लहानपणी बैलगाड्या केल्या, त्याच भेंडाचे मेंढरं-उंट होतात. बाभळीच्या शेंगा तशाच टांगा, सण झाल्यावर शेळीला घाला. बाजरीचं कणीस लावायचं तर दाणे झाडून घ्या, नाहीतर रात्री उंदीर येऊन नाताळ करतील.

पण रानातलं ते सगळं निर्धोक असं समजू नका. गुंजा दिसायला देखण्या, लाल नि काळ्या. माळेसाठी भोक पाडलं की वरचं कडक कवच फुटतं, नि आतलं विष जिवावरचं आहे. एरंडीच्या बियांचंही तसंच. आणि पोरांना सगळ्यात जास्त भुलवणारं म्हणजे पाकिटात उरलेलं गुलाबी-हिरवं मक्याचं नि कपाशीचं बियाणं. तो रंग औषध चोळलंय याची खूण आहे. त्याची माळ ओवायला मुळीच देऊ नका.

कपाशीच्या बोंडांचं जरा सविस्तर सांगतो. पूर्ण उमललेलं पांढरंशुभ्र बोंड झाडावर बर्फासारखं दिसतं, खुशाल लावा. पण कवडी झालेली, अर्धवट उमललेली, छिद्र पडलेली बोंडं घरात आणू नका. गुलाबी बोंडअळी अशाच बोंडात, नाहीतर दोन सरक्या चिकटवून त्यात, निवांत पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर येते. सजावट जपून ठेवू म्हणून माळ्यावर टाकली तर आपणच तिला बिऱ्हाड दिलं. म्हणून ६ जानेवारीला, तीन राजांचा सण झाला की, बोंडं नि पऱ्हाटी चुलीत घाला. आणि कापूस-काडी टांगलेल्या झाडाला मेणबत्ती लावायची नाही, हे सांगायला नको.

यावर आमच्या सूनबाईंचं म्हणणं, "मामा, पाव्हणे म्हणतील यांना परवडत नाही का." अडचण खरी इथंच आहे. घरी केलं की गरिबी दिसते, असं आपल्याला वाटायला लागलंय. जर्मनीत गव्हाच्या काडीच्या चांदण्या आजही झाडाला लावतात. स्वीडनमध्ये काडाचा बोकड बांधतात, आणि येव्ले नावाच्या शहरात (आपलं येवला नव्हे) १९६६ पासून चौकात भला मोठा उभा करतात. बऱ्याचदा कुणीतरी तो पेटवून देतं, तो भाग वेगळा. या देशांना प्लास्टिक परवडत नाही असं कोण म्हणेल? पाव्हण्यांना मी तर ती चांदणी हातात देतो, नि करायची कशी ते विचारा म्हणतो. मग ते चहा विसरतात.

काडीची चांदणी सोपी आहे. काड्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवायच्या, नखानं उभ्या चिरून उलगडायच्या, इस्त्रीनं सपाट करायच्या. चार पट्ट्या मधोमध एकमेकींवर ठेवून दोरा एकीच्या वरून, दुसरीच्या खालून फिरवून गाठ मारायची. टोकं तिरपी कापली की आठ टोकांची चांदणी. सोनेरी रंग काडीचा स्वतःचाच.

अडचण एकच, डिसेंबरात गव्हाची धड काडी मिळत नाही. हार्वेस्टर काडाचा भुगा करून टाकतो. म्हणून येत्या मार्चमध्ये मशीन रानात शिरण्याआधी विळ्यानं दोन पेंढ्या कापा, ओंब्या खुडून घ्या, नि काड कागदात गुंडाळून आढ्याला टांगून ठेवा.