लाओवाय कीं लाओशी?

चिनी भाषेंत 'लाओ' म्हणून एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ 'वृद्ध' असा. परंतु दुसऱ्या शब्दाआधीं तो जोडला म्हणजे कधीं आदर दाखवितो, कधीं सलगी. या एकाच 'लाओ'पासून परदेशी शिक्षकास तेथें दोन नांवें मिळतात. रस्त्यानें जातांना तो 'लाओवाय', म्हणजे बाहेरचा माणूस. आणि वर्गांत उभा राहिला कीं 'लाओशी', म्हणजे गुरुजी. इंग्रजी शिकविण्यास चीनमध्यें गेलेल्या मनुष्याचा सारा दिवस या दोन शब्दांमधील वाट चालण्यांत जातो. ही वाट तो कशाच्या बळावर चालतो, जन्मानें मिळालेल्या भाषेच्या कीं श्रमानें मिळविलेल्या विद्येच्या, हा प्रश्न दिसतो तितका दूर देशचा नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही त्याचें उत्तर हवें आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम या शिक्षकाचा दिवसक्रम पाहूं. शाळा किंवा महाविद्यालय त्यास बहुधा आवारांत वा जवळपास राहण्यास जागा देतें. सकाळीं तो जागा होतो तो मुलांच्या वाचनाच्या गजरानें. कारण पहिल्या तासापूर्वीं मुलें आपापले धडे मोठ्यानें वाचतात, आणि पाठांतराची तेथें कोणास लाज वाटत नाहीं. मग ध्वनिक्षेपकावर संगीत वाजतें व मैदानावर शेंकडों मुलें रांगेनें कवाईत करितात. एकेका वर्गांत पन्नास किंवा त्याहूनही अधिक मुलें असतात. गुरुजी आंत येतांच तीं उभीं राहून अभिवादन करितात आणि खालीं बसतात. परंतु गुरुजींनीं प्रश्न विचारला कीं सारा वर्ग चिडीचूप! नवख्या शिक्षकास वाटतें, मुलांस कांहींच येत नाहीं. वस्तुतः चारचौघांत चुकण्याचें भय आणि पुढें पुढें करण्याचा संकोच, हीं त्या मौनाचीं खरीं कारणें होत. दुपारीं बाराच्या सुमारास भोजनगृहांत गर्दी उसळते. जेवणानंतर पुष्कळ शाळांत सर्वजण घटकाभर निजतात, आणि त्या वेळीं कोणाचें दार ठोठावणें असभ्यपणाचें मानितात. रात्रीं पुन्हां दिवे लागतात. वरच्या इयत्तांतील मुलें नऊ-दहा वाजेपर्यंत वर्गांतच अभ्यास करीत बसतात.

शाळेबाहेरचें जीवनही लवकर अंगवळणी पडत नाहीं. नव्या जागीं उतरल्यावर चोवीस तासांच्या आंत पोलिसांकडे नोंद करावी लागते. भाजीवाल्याकडे नोटा देऊं लागल्यास तो चौकटीच्या चिन्हाकडे बोट दाखवितो. तें मोबाईलनें टिपलें म्हणजे पैसे पोंचतात. उपाहारगृहांत बसतांच गार पाण्याऐवजीं गरम पाणी पुढें येतें. थंडीविषयीं तर एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. चिनलिंग पर्वत व ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेस इमारती ऊबदार ठेवण्याची सार्वजनिक व्यवस्था असते. दक्षिणेस सहसा नसते. म्हणून दक्षिणेकडील कित्येक वर्गांत हिवाळ्यांत गुरु व शिष्य दोघेही अंगांत जाड डगले घालूनच व्याकरण शिकतात.

परंतु खरी परीक्षा होते ती जिभेची. चिनी भाषेंत 'मा' हा एकच उच्चार चार सुरांत केला असतां त्याचे चार अर्थ होतात: आई, ताग, घोडा आणि रागें भरणें. बिचाऱ्या पाहुण्यानें आईविषयीं बोलावें आणि ऐकणाऱ्यांनीं घोडा समजावा, असे प्रसंग नित्याचे. मात्र जो ही फजिती हंसून सोसतो, त्याच्यापुढें एक ओळखीचें जग उघडतें. तेथें झाडलोट करणाऱ्या बाईस 'आयी' अशी हांक मारितात; आणि 'आयी' म्हणजे मावशी. आपल्या शाळांतूनही त्या बाईस मुलें मावशीच म्हणतात. हजारों कोसांवर, जिचा आपल्या भाषेशीं कांहींएक संबंध नाहीं अशा भाषेंत, कष्ट करणाऱ्या परक्या स्त्रीशीं हेंच नातें लावलेलें पाहून कोणा मराठी माणसास आनंद होणार नाहीं?

आतां या शिक्षकाच्या कामाचें मोल काय, तें पाहूं. चीनमध्यें महाविद्यालयाच्या प्रवेशासाठीं जूनच्या सात तारखेपासून मोठी परीक्षा होते. २०२४ साली तिच्यासाठीं १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनीं नांवें नोंदविलीं होतीं. बहुतेक ठिकाणीं एकूण ७५० गुणांपैकीं १५० गुण परकी भाषेचे असतात, आणि ती भाषा बहुतेकांची इंग्रजीच असते. हे गुण मुख्यतः ऐकणें, वाचणें व लिहिणें यांचे. बोलण्याचे गुण त्यांत धरणारे प्रांत थोडे. परदेशी शिक्षकाकडे मात्र बहुधा संभाषणाचा तास सोपविलेला असतो. म्हणजे ज्या विषयाचे गुण नाहींत तोच शिकविण्यासाठीं त्यास समुद्रापलीकडून आणलेलें! मुलें त्याच्यावर प्रेम करितात, त्याच्याबरोबर छायाचित्रें काढवितात. परंतु परीक्षा जवळ आली कीं त्याच्या तासाला गणिताची वही उघडतात. ज्याचा मान मोठा पण तासाचें मोल थोडें, अशा या शिक्षकाची आम्हांस कींव येते. कारण कोणत्याही शिक्षकास हाराहून विद्यार्थ्याचें लक्ष अधिक प्रिय असतें.

ही परंपरा आजची नव्हे. रॉबर्ट मॉरिसन हे १८०७ साली कॅन्टनला पोंचले. त्यांनीं चिनी भाषेचा कोश रचला व तो १८१५ ते १८२३ या काळांत छापून निघाला. आपल्याकडे मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. दोघांनींही आधीं परक्यांच्या भाषेपुढें शिष्यत्व पत्करलें. १८६२ साली पेकिंग येथें परकी भाषा शिकविणारी सरकारी शाळा निघाली. १८७९ साली शांघाय येथें सेंट जॉन्स हें मिशनचें महाविद्यालय स्थापन झालें. जपानशीं युद्ध पेटल्यावर १९३७ साली विद्यापीठें दक्षिणेकडील डोंगरांत हलविण्यांत आलीं. तेव्हां विल्यम एम्पसन या इंग्रज कवीनें पुस्तकें जवळ नसतांना स्मरणाच्या आधारानें इंग्रजी काव्य शिकविलें. १९५२ साली मिशनचीं महाविद्यालयें बंद झालीं किंवा इतरांत विलीन झालीं, व कांहीं वर्षें रशियन भाषेचा मान वाढला. १९६६ पासूनच्या दहा वर्षांच्या उलथापालथींत शिक्षणाची वाताहत झाली. १९७७ साली प्रवेशपरीक्षा पुन्हां सुरू झाली, देशाचीं दारें उघडलीं, आणि २००१ पासून तिसऱ्या इयत्तेंतच इंग्रजी शिकविण्याचें धोरण आलें. मग परदेशी शिक्षकांची मागणी अतोनात वाढली. पुढें २०२१ साली सरकारनें शालेय विषयांच्या नफेखोर खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि तो बाजार ओसरला.

या बाजारांत एक नियम रूढ झाला, व आमच्या लेखाचा मुद्दा तोच आहे. २०१७ साली चीनमध्यें परदेशी नोकरांच्या परवान्याची एकच पद्धत साऱ्या देशासाठीं लागू झाली. तिच्याप्रमाणें परदेशी भाषाशिक्षकानें सामान्यतः आपली मातृभाषाच शिकवावी, असा दंडक आहे. वरवर पाहतां हा नियम वाजवी दिसतो. परंतु त्याचा परिणाम पहा: ज्यानें वीस वर्षें पुण्यास किंवा नगरास इंग्रजी शिकविलें आहे, त्याच्यासाठीं तें दार सहसा बंद, आणि ज्यानें कधीं खडू हातीं धरला नाहीं, अशा इंग्रजीभाषी देशांतील पदवीधरास पुष्कळदां केवळ थोड्याशा प्रशिक्षणावर तें खुलें.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जन्मापासून जो इंग्रजी बोलतो, त्याच्या तोंडून भाषेचा जिवंत नाद ऐकूं येतो. कोणता शब्द केव्हां शोभतो, हें त्यास न विचारतां कळतें. खेड्यांतील मुलास परक्या मनुष्याशीं प्रत्यक्ष दोन शब्द बोलावयास मिळाले तर त्याची भीड चेपते, हाही लाभ लहान नाहीं. परंतु भाषा येणें निराळें आणि ती शिकवितां येणें निराळें. चिनी बोलण्यांत 'तो' आणि 'ती' या दोहोंचा उच्चार एकच आहे, 'ता'. म्हणून चिनी मुलें इंग्रजी बोलतांना आईसही 'तो' म्हणून जातात. चिनींत उपपदें नाहींत. आपल्या मराठींतही नाहींत, म्हणून आमचीं मुलें तेथेंच अडखळतात. जन्मानें इंग्रजी मिळालेल्यास ही चूक केवळ हास्यास्पद वाटते. ज्यानें ती भाषा पायरी पायरीनें चढून मिळविली, त्यास मूल नेमकें कोणत्या पायरीवर घसरलें तें दिसतें.

यास्तव चीनमध्यें जे परदेशी शिक्षक खरोखर 'लाओशी' ठरले, ते आधीं विद्यार्थी झाले. अमेरिकेच्या पीस कोअरनें १९९३ ते २०२० या काळांत तेराशेंहून अधिक स्वयंसेवक चीनला पाठविले. त्यांतील पीटर हेस्लर हे १९९६ ते १९९८ यांगत्से नदीकांठच्या फूलिंग गांवीं इंग्रजी शिकवीत होते. वर्गांत ते गुरु. परंतु वर्गाबाहेर चिनी शिक्षकांपुढें बसून 'बुदुई', म्हणजे 'चूक', हा शब्द ते पुनःपुन्हां ऐकत. जो शिक्षक स्वतः दररोज 'चूक' ऐकून घेतो, तो विद्यार्थ्याच्या चुकीवर कठोरपणें कसा हंसेल?

आणि याहून जवळचें उदाहरण आपल्याच मातींतलें आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले. ते चिनी बोलावयास शिकले आणि त्याच भाषेंत तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांस शिकवूं लागले. १९४२ साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं त्यांचें तेथेंच देहावसान झालें. शीज्याज्वांग येथें त्यांचा पुतळा आहे. ती भाषा त्यांस जन्मानें मिळाली नव्हती. म्हणून त्यांचें शिकविणें कमी प्रतीचें होतें, असें कोणी म्हणेल काय?

आमच्या शाळेंत येणारे कांहीं पालक मोठ्या आस्थेनें विचारतात, "गुरुजी, इंग्रजीसाठीं कोणी परदेशी बाई मिळतील का? मुलांचे उच्चार सुधारतील." त्यांचा हेतु चांगला आहे, हें आम्ही जाणतों. आपलें मूल मागें पडूं नये ही चिंता चिनी आईसही रात्रीं झोंप येऊं देत नाहीं. परंतु अशा पालकांस आम्ही नम्रपणें सांगूं कीं शिक्षक निवडतांना चार प्रश्न विचारावे. तो मुलांच्या वह्या मनापासून तपासतो का? मूल चुकलें असतां कां चुकलें, हें तो सांगूं शकतो का? मुलाच्या मातृभाषेविषयीं त्याच्या मनांत आदर आहे का? आणि तो स्वतः अजून कांहीं शिकत आहे का? या चारांचीं उत्तरें होकारार्थी आलीं, तर तो लंडनचा असो वा लातूरचा, आपलें मूल त्याच्या हातीं निर्धास्तपणें सोंपवावें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं पुष्कळजण उद्यां परदेशीं जाल. कोणी शिक्षक म्हणून, कोणी कारागीर वा परिचारिका म्हणून. तुमच्या उच्चारांवर कोणी हंसल्यास खालीं मान घालूं नका. दुसरी भाषा कमावण्यास किती श्रम पडतात, हें त्यास ठाऊक नसावें, इतकेंच समजा. आणि जेथें जाल तेथील लोकांची भाषा पहिल्या दिवसापासून शिकूं लागा. बाजारांत मोडकीतोडकी बोला, चुका, पुन्हां विचारा. आपल्या वर्गांतही परप्रांतांतून आलेलीं मुलें आहेत. त्यांचें मराठी अडखळतें, तेव्हां मागल्या बांकावरून खसखस ऐकूं येते. ती उद्यांपासून बंद व्हावी. त्यांस एक नवा मराठी शब्द द्या आणि त्यांच्या भाषेंतला एक मागून घ्या. एवढें केलेंत तरी या वर्षाचा इंग्रजीचा तास सार्थकीं लागला, असें आम्ही समजूं.